'सोपा विषय घे' म्हणणाऱ्यांनो

बारावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात कॉलेजची चौकशी सुरू होते. कॉलेज घरापासून किती लांब आहे, बस थेट जाते का, फी किती, स्कॉलरशिपचा फॉर्म तिथे भरून घेतात का, बुरखा घालून वर्गात बसू देतात का, निकाल कसा लागतो. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. ज्या घरातून पहिल्यांदाच एखादी मुलगी कॉलेजात निघाली आहे, त्या घराला ते विचारावेच लागतात. पण इतकी वर्षं उर्दू माध्यमाच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवताना एक प्रश्न मी पालकांच्या तोंडून कधी ऐकला नाही. मुख्य विषय सोडून हे कॉलेज माझ्या मुलाला आणखी काय शिकवणार आहे? आणि ते कोण ठरवणार, कॉलेज की मुलगा?

हा प्रश्न आता टाळून चालणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदवीचा साचाच बदलला. स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. आता पदवी म्हणजे एक मेजर, एक मायनर, आणि त्याभोवती ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भाषेचे कोर्स, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, फील्ड प्रोजेक्ट अशी क्रेडिटची बास्केट. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेच्या बाहेरून घ्यायचं. कला शाखेच्या मुलीने विज्ञान किंवा वाणिज्यातलं काही शिकावं, विज्ञानवाल्याने इतिहास किंवा अर्थशास्त्र वाचावं, असा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे. त्याची जाहिरात मात्र एकाच शब्दावर चालते, तो शब्द म्हणजे लवचिकता.

माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. ज्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्या घरातल्या मुलाच्या हाती ही लवचिकता बहुतेक वेळा काहीच पडू देत नाही. त्याला गरज आहे ती भक्कम गाभ्याची. चार-सहा विषय असे, जे डॉक्टरच्या मुलालाही शिकावे लागतील आणि रिक्षावाल्याच्या मुलीलाही, त्याच पुस्तकांतून आणि त्याच शिक्षकांकडून. आणि या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान सरकारपेक्षा आपलीच माणसं करतात. 'सोपा विषय घे, टक्के वाढतील' असं सांगणारे मामू, खाला, क्लासवाले आणि, होय, आम्ही शिक्षकसुद्धा.

'गाभा' हा शब्द बी.एड. केलेल्या कुणालाही परका नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातले दहा गाभाघटक आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास, संवैधानिक कर्तव्यं, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे. शाळेत प्रत्येक मुलाला हे मिळालंच पाहिजे, यावर तेव्हा कुणाचं दुमत नव्हतं. मग शाळा संपताच हा आग्रह का संपतो? सतराव्या-अठराव्या वर्षी मुलाला अचानक असं काय उमगतं की आपल्याला काय शिकण्याची गरज आहे, हे त्याचं त्याला कळावं?

या वादाचा सगळ्यात मोठा अनुभव अमेरिकेतल्या कॉलेजांकडे आहे, कारण तिथे तो दीडशे वर्षं चालला आहे. चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांनी जुने सक्तीचे विषय जवळपास काढून टाकले आणि विद्यार्थ्याला हवं ते निवडू दिलं. तक्रार काय आली? मुलं विषयांवर वरवर फिरतात, सोपे आणि सुरुवातीचे कोर्स गोळा करतात, एकाही विषयात खोल जात नाहीत. एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी मग मधला रस्ता काढला. एका विषयात खोलवर अभ्यास करायचा आणि बाकीचे कोर्स ठरवून दिलेल्या गटांतून थोडे थोडे घ्यायचे. विज्ञानाच्या गटातून काही, साहित्याच्या गटातून काही, समाजशास्त्रांच्या गटातून काही. आपली आजची बास्केट साधारण याच वंशातली आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने दुसरा रस्ता घेतला. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, तिथे 'कंटेंपररी सिव्हिलायझेशन' हा कोर्स सगळ्यांना सक्तीचा झाला. १९३७ मध्ये त्याला साहित्याचा सक्तीचा कोर्स जोडला गेला. इंजिनीअर व्हायचं असो की वकील, कॉलेजातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला साधारण तीच पुस्तकं, साधारण वीस-बावीस जणांच्या वर्गात, एकमेकांसमोर बसून वाचावी आणि त्यावर वाद घालावा लागतो. ही पद्धत शंभर वर्षं टिकली आहे. या सक्तीच्या वाचनात आज कुरआन आहे, इमाम गझाली आहेत, इब्न तुफैल आहेत. म्हणजे तिथला ख्रिस्ती, ज्यू, हिंदू किंवा कसलाच धर्म न मानणारा मुलगा गझालींचा एखादा ग्रंथ वाचून पदवी घेतो. आमच्या किती पदवीधरांनी गझाली वाचले आहेत?

तिसरं टोक ब्राउन विद्यापीठाचं. १९६९ मध्ये विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने तिथे गाभाही गेला आणि गटही गेले. आपला अभ्यासक्रम आपण घडवायचा. ब्राउनची ही पद्धत नावाजलेली आहे आणि ती चालते, हे मी नाकारत नाही. पण ती का चालते हेही बघा. तिथे पोहोचणारा विद्यार्थी कडक निवडीतून आलेला असतो, त्याला सल्ला द्यायला नेमलेला प्राध्यापक असतो, आणि यादीत लिहिलेला कोर्स खरोखर शिकवला जातो. या तीन गोष्टी काढून घ्या आणि मग मोकळीक द्या. तुमच्या तालुक्यातल्या कॉलेजात नेमकं तेच चाललं आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगतो. बारावी कला शाखेत चांगले गुण, मेजर इतिहास. प्रवेशाच्या पुस्तिकेत ओपन इलेक्टिव्हची दोन पानांची यादी होती. तिला संख्याशास्त्राची तोंडओळख आणि कायद्याची मूलतत्त्वं हे दोन कोर्स हवे होते. ऑफिसात कळलं की पहिल्याला शिक्षक नाही आणि दुसऱ्याला पुरेशी मुलं नाहीत. तिसरा पर्याय होता, त्याचा तास मेजरच्या तासावर येत होता. शेवटी कॉलेजात प्रत्यक्ष चालू असलेल्या दोन कोर्सपैकी एक तिच्या पदरात पडला, व्यक्तिमत्त्व विकासाचा. तिच्या गुणपत्रिकेवर मात्र तो तिने 'निवडलेला' कोर्स म्हणून छापला जाईल. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर आलेले शिक्षक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावणारे, अशा व्यवस्थेत पर्यायांची यादी कितीही लांब करता येते, कारण यादी छापायला शिक्षक लागत नाही. सक्तीच्या कोर्सला मात्र शिक्षक द्यावाच लागतो. तो सगळ्यांचा असतो, त्यामुळे तो नाही मिळाला तर सगळ्यांची ओरड होते. इलेक्टिव्ह बंद पडलं तर रडणारी एकटी मुलगी असते.

आता काही मित्र बाबासाहेबांचं उदाहरण देतील. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबियात होते, म्हणजे तिथला सक्तीचा गाभा सुरू होण्याच्या आधी. त्यांनी मोकळेपणाने कोर्स घेतले. बहुतांश अर्थशास्त्राचे, पण त्यासोबत इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्रही. १९१६ च्या मे महिन्यात भारतातल्या जातींवरचा त्यांचा निबंध वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. बघा, मोकळ्या निवडीतून काय घडतं!

मान्य. पण त्याच बाबासाहेबांच्या शालेय आयुष्यातली दुसरी गोष्टही लक्षात घ्या. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचं होतं. ते अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. कागदावर तिथेही दोन भाषांचा पर्यायच होता. एक पर्याय दारात अडवला गेला, दुसरा उरला. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. कोलंबियात त्यांनी जी निवड केली ती एका पदवीधराची होती, इथली बी.ए. पदरी असलेल्या आणि सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे शिक्षक लाभलेल्या माणसाची. पाया झाल्यावर मोकळीक हवीच. माझा वाद पाया घालण्याच्या काळाबद्दल आहे.

आपल्या परंपरेलाही गाभा नवा नाही. लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन सिहालवी यांच्या नावाने अठराव्या शतकात दर्से-निजामी हा अभ्यासक्रम रूढ झाला. व्याकरण, फिकह, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित अशा विषयांची ठरलेली पुस्तकं, ठरलेल्या क्रमाने. तो वाचून बाहेर पडलेला तरुण नवाबाच्या दफ्तरातही काम करू शकत होता आणि मदरशातही शिकवू शकत होता. पुढे १८६६ मध्ये देवबंद सुरू झालं आणि तिथे हदीसला जास्त जागा मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नदवतुल उलमाची चळवळ उभी राहिली तीच मुळी अभ्यासक्रम बदलावा म्हणून, आणि शिबली नोमानींसारखा माणूस त्यासाठी झगडला. गाभा म्हणजे दगडावरची रेघ, हा समज चुकीचा आहे. त्यावर दर पिढीत भांडण झालं. पण प्रत्येकाला काहीतरी समान यायलाच हवं, हे तत्त्व त्या भांडणात कुणी सोडलं नाही. आज मात्र आपण मुलांना सांगतो की जे सोपं ते घ्या.

या 'सोप्या'ची सुरुवात कॉलेजच्याही आधी होते, अकरावीत. तिथे इंग्रजी सक्तीचं असतं आणि दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान म्हणजे आयटी घेता येतं. आयटीत गुण भरपूर मिळतात, अशी ख्याती. उर्दू माध्यमाचं मूल दहावीपर्यंत मराठी कसंबसं ओढत आलेलं असतं. अकरावीच्या प्रवेशावेळी कुणीतरी कानात सांगतं, 'मराठी छोड, आयटी ले.' आणि ज्या राज्यात त्याला जन्म काढायचा आहे त्या राज्याच्या भाषेशी त्याचा शालेय संबंध तिथेच संपतो. मग सातबारा मराठीत, पोलीस ठाण्यातली फिर्याद मराठीत, नगरपालिकेची नोटीस मराठीत, आणि राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत मराठीचा पेपर उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. त्या वेळी मुलगा म्हणतो, सर, मराठी लिहिता येत नाही. आयटीत मिळालेले वाढीव गुण तिथे उपयोगी पडत नाहीत. मी उर्दूचा शिक्षक आहे, उर्दूवर माझी रोजी आहे आणि जीवही आहे, म्हणूनच हे ठासून सांगतो. उर्दू वाचवायची असेल तर मराठी टाळून ती वाचणार नाही. दोन्ही लिहिणारी माणसं तयार झाली तर वाचेल.

मुलींच्या बाबतीत तर 'सोपं' हा शब्द सरळ अपमान आहे. 'आखिर शादी ही करनी है, हलका सब्जेक्ट दे दो.' हे मी सुशिक्षित घरांतही ऐकतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात वीस वर्षांवरच्या मुस्लिमांपैकी पदवीधर आणि पदविकाधारक चार टक्क्यांपेक्षाही कमी होते. त्या खडकातून वाट काढत एखादी मुलगी कॉलेजच्या दारापर्यंत येते, आणि तिथे तिचेच लोक तिच्या पदवीतला जीव काढून घेतात. सक्तीचा गाभा असेल तर निदान एक होतं. घरच्यांना तो तिच्यासाठी हलका करून घेता येत नाही. संविधान आणि आकडेवारी तिला शिकावीच लागते, कारण ती शिकल्याशिवाय पदवीच मिळत नाही. इथे सक्ती तिच्या बाजूने उभी राहते.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात गंभीर आक्षेप आपल्याच समाजातून येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. 'सर, सक्तीचा गाभा म्हणजे कुणाचा गाभा? भारतीय ज्ञान प्रणालीच्या नावाखाली काय शिकवतात ते बघताय ना? त्यात आपण कुठे आहोत?' बरोबर आहे. गाभ्यात काय जावं, हा सत्तेचा प्रश्न आहे आणि ज्याची सत्ता त्याची पुस्तकं, हा धोका नेहमीच असतो. पण यावर उपाय म्हणून गाभाच नको म्हणणं म्हणजे पंक्तीत आपलं पान मांडलं नाही म्हणून जेवणच सोडणं. पान मांडायला लावा. भारतीय ज्ञान प्रणाली शिकवायची आहे ना? मग अकराव्या शतकात भारतीयांचं गणित, खगोल आणि धर्मविचार यांवर ग्रंथ लिहिणारा अल-बिरूनी त्यात हवा. १६५७ मध्ये उपनिषदांचा फारसी अनुवाद पूर्ण करणारा दारा शुकोह हवा. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह आणि त्याचं 'किताब-ए-नवरस' हवं. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा 'योगसंग्राम' हवा. मराठीत ग्रंथ लिहिणारा मुस्लिम संत महाराष्ट्राच्या ज्ञानपरंपरेत बसत नसेल तर मग कोण बसतं? ही मागणी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे लेखी जायला हवी, सोबत वाचनाची यादी आणि तयार धडा जोडून. आमच्या अंजुमन आणि ट्रस्ट जलशांवर जो खर्च करतात, त्याच्या थोड्याशा भागात हे काम होईल.

कोलंबियातही गाभा गोऱ्या पुरुषांच्या पुस्तकांनी भरलेला होताच. विद्यार्थ्यांनी त्यावर वाद घातले. १९९६ मध्ये वांशिक अभ्यासाचा विभाग हवा म्हणून काहींनी उपोषणही केलं. आज तिथल्या गाभ्यात पाश्चात्त्य जगाबाहेरच्या संस्कृतींचे कोर्स सक्तीचे आहेत. गाभा सगळ्यांचा असतो, म्हणून त्यात काय आहे यावर भांडता तरी येतं. बास्केटमध्ये चाळीस कोर्स असले तर आपला एक कोर्स कोपऱ्यात टाकून देता येतो. तो कुणी घेत नाही, आणि दोन वर्षांनी तो बंद होतो. उर्दू आणि फारसी विभागांचं अनेक ठिकाणी हेच झालेलं आपण पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप, सक्तीने शिकवलेलं मुलं मनापासून शिकत नाहीत. वाईट गाभ्याबद्दल हे खरं आहे. २०१३ मध्ये दिल्ली विद्यापीठाने चार वर्षांची पदवी आणली, तिच्यात सगळ्यांना अकरा फाउंडेशन कोर्स सक्तीचे होते. घाईघाईत रचलेले, शाळेच्या पातळीचे कोर्स, अशी टीका शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनीही केली. वर्षभरात, २०१४ मध्ये, ती योजना गुंडाळली गेली. त्यातून धडा एवढाच की गाभ्यात दम हवा. पातळ मूल्यशिक्षण सक्तीचं करून गाभा होत नाही. वाचायला लावणारं, लिहायला लावणारं आणि तपासून परत देणारं काहीतरी त्यात हवं.

मग पालकांनी कॉलेज निवडताना काय बघावं? पुस्तिकेतली कोर्सची यादी मोजू नका. ऑफिसात जाऊन विचारा की गेल्या वर्षी यापैकी कोणते कोर्स प्रत्यक्ष चालले आणि ते कोणी शिकवले. भाषेच्या कोर्समध्ये मूल सहामाहीत किती पानं स्वतःच्या हाताने लिहितं, ते विचारा. कला शाखेच्या मुलाला आकडेवारी आणि विज्ञानाच्या मुलाला संविधान-इतिहास शिकवला जातो का, की व्यक्तिमत्त्व विकासावर भागवलं जातं, हे बघा. कोर्स निवडताना मुलाशी बोलायला नेमलेला प्राध्यापक आहे का, की फॉर्म क्लार्कसमोर पाच मिनिटांत भरला जातो, हेही. ज्या कॉलेजात पर्याय कमी, पण जे आहे ते सगळ्यांना नीट शिकवलं जातं, ते कॉलेज चाळीस पर्यायांच्या पुस्तिकेपेक्षा चांगलं. बस बदलून जावं लागलं तरी.

आणि जिथे निवड करावीच लागते तिथे मुलाला एवढंच सांगा की ज्या विषयाची भीती वाटते त्यातला एक तरी घे. गणिताला घाबरणाऱ्या मुलीने संख्याशास्त्र घ्यावं, मराठी टाळणाऱ्याने मराठी घ्यावं. पाच टक्के कमी पडतील. पडू द्या. गुणपत्रिका कपाटात राहते, आणि न शिकलेली गोष्ट आयुष्यभर वाटेत आडवी येते.

तालीम हा आमचा हक्क आहे, असं आपण प्रत्येक स्टेजवरून म्हणतो. तो हक्क 'मिळेल ते' घेण्याचा नाही. जे शिकून इथला उच्चभ्रू वर्ग राज्य चालवतो, तेच शिकण्याचा आहे. शासनाकडे मागायचं ते हे, आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांकडेही. मात्र ते मागण्याआधी आपल्या घरातलं 'सोपं घे' बंद करावं लागेल. या जूनमध्ये ज्यांच्या घरात प्रवेशाचा फॉर्म भरला जाणार आहे, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.